काशीला आई-बाबांना कधी न्यावं? त्रिपुरीनंतर की महाशिवरात्रीआधी?

मुळामुठा

आई-बाबांना काशीला न्यायचं फार दिवसांपासून मनात आहे. येत्या हिवाळ्यात जायचंच असं आता घरात ठरलंय. आई सत्तरीची, गुडघे दुखतात, पायऱ्या उतरताना कुणाचा तरी हात लागतो. बाबांना दमा आहे, औषधांनी आटोक्यात आहे. बरोबर आम्ही दोघं आणि आठवीतली लेक.

हवंय ते एवढंच: गंगास्नान, विश्वनाथाचं दर्शन, एक संध्याकाळ आरती, एक दिवस सारनाथ आणि पहाटे नावेतून घाट. आईला विचाराल तर स्नान आणि दर्शन झालं की तिची यात्रा पूर्ण.

दिवाळीची सुट्टी (२०२६ ची दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला), नाताळ, फेब्रुवारीअखेर, नाहीतर थेट एप्रिल-मे, असे पर्याय आहेत. ज्यांना विचारलं ते सगळे "ऑक्टोबर ते मार्च कधीही जा" म्हणतात. पण त्या सहा महिन्यांत दाट धुकंही येतं, छठही येते, देवदीपावलीही आणि महाशिवरात्रही. म्हातारी माणसं बरोबर असताना नेमका कुठला आठवडा धरावा, हे जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी सांगावं.

रानपाखरू

देवदीपावली! दुसरा विचारच करू नका. आपली त्रिपुरी पौर्णिमा, २०२६ मध्ये ती २४ नोव्हेंबरला येते. अस्सीपासून आदिकेशवापर्यंत सगळ्या घाटांच्या पायऱ्यांवर पणत्या, आणि पंचगंगा घाटावर अहिल्याबाईंनी उभारलेला दगडी हजारा दीपस्तंभ पेटतो. आज जो सोहळा आपण बघतो त्याची सुरुवात १९८० च्या दशकात याच पंचगंगा घाटावरून झाली. गंगेच्या मध्यावर नावेत बसून ते बघताना माझ्या सासूबाई कितीतरी वेळ एक शब्दही बोलल्या नाहीत, नुसते हात जोडून बसल्या होत्या. तुमच्या आईंना हे दाखवाच.

खाऊगल्ली

थंडीतच जा. मलइयो फक्त थंडीत मिळतं. दूध रात्री उघड्यावर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात. केशर-वेलची घातलेला तो फेस कुल्हडमध्ये घेतला की तोंडात ठेवेपर्यंत विरतो. चौखंबा, ठठेरी बाजार या भागात सकाळी लवकर जायचं, ऊन वर आलं की संपतं. थंडीतच चुडा-मटरही मिळतो, ताजे कोवळे मटार आणि तुपातले पोहे. दातांचा त्रास असलेल्या माणसांनाही दोन्ही चालतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

रूळ

गाडीने जाणार असाल तर तारखा ठरवण्याआधी गर्दी कुठल्या दिशेची आहे ते बघा. दिवाळीच्या आठवडाभर आधीपासून छठपर्यंत मुंबई-पुण्याहून उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. छठ झाली की उलटं होतं. जाताना जागा मिळते, पण कामावर परतणाऱ्या लोकांमुळे येतानाची गर्दी पुढे बरेच दिवस टिकते. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर दोन्हीकडून अडकलात. आरक्षित डब्यातसुद्धा दारापर्यंत माणसं उभी असतात, तिथे आईंना स्वच्छतागृहापर्यंत नेणंही अवघड.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. तारीख आधी ठरवून गजर लावून बसा. मुंबईहून महानगरी रोज आहे, पुण्याहून ज्ञानगंगा आठवड्यातून एकदाच. आणि २०२१ पासून मंडुवाडीह स्टेशनचं नाव बनारस झालंय, वाराणसी जंक्शन (स्थानिक लोक कॅंट म्हणतात) वेगळं. तिकिटावर कुठलं आहे ते पाहूनच घ्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला सांगा.

नाताळ मनातून काढून टाका. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत धुकं इतकं दाट असतं की गाड्या तासन् तास उशिरा धावतात. काही गाड्या तर रेल्वे धुक्याच्या नावाखाली आधीच रद्द करून ठेवते. विमानाने गेलात तरी बाबतपूर विमानतळावर तीच कथा.

पाऊसवेडा

कुणीच म्हणणार नाही म्हणून मी म्हणतो, श्रावणातली काशी बघा. गंगा अशी काही भरते की समोरचा काठ दिसत नाही. आणि श्रावण सोमवारी विश्वनाथाचं दर्शन, याहून मोठं काय?

घाटवासी

आमचं घराणं काही पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीत आलं, दुर्गाघाटाजवळ राहतो. या भागात अजून बरीच मराठी घरं आहेत. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातून नातेवाईक येतात, त्यामुळे कुणाला कधी काय सोसतं याचा थोडा अंदाज आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी पाऊसवेडा यांच्याबद्दल. त्यांचं प्रेम समजतं, भरलेली गंगा मलाही आवडते, पण घराच्या गच्चीवरून. जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत पाणी कधी किती चढेल याचा नेम नसतो. इथली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेलं होतं, ती आजवरची सर्वांत वरची खूण. धोक्याची पातळी खूप लांब असते तेव्हासुद्धा घाटाघाटांमधला पायी रस्ता पाण्याखाली जातो. नावा बंद होतात. दशाश्वमेधाची आरती मागे सरकत सरकत इमारतीच्या गच्चीवर जाते, मणिकर्णिकेच्या चिताही वरच्या गच्चीवर पेटतात. म्हणजे ज्याच्यासाठी माणूस काशीला येतो ते घाटच त्या दिवसांत नसतात.

शिवाय श्रावणाचा हिशेब नीट करा. इथे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणून इथला श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, दिव्याच्या अवसेनंतर. महाराष्ट्रातून पंचांग बघून "श्रावण लागायच्या आत उरकून येऊ" म्हणत निघालेली माणसं नेमकी कावडियांच्या (कावडीतून गंगाजळ नेणाऱ्या यात्रेकरूंच्या) गर्दीत सापडतात. श्रावणात गर्दीच्या दिवशी स्पर्शदर्शन बंद असतं, लांबून झांकी दर्शन करून पुढे सरकावं लागतं.

आता ऑक्टोबर. पाणी उतरलं की घाटांवर गाळ राहतो, गुडघाभर, काही घाटांवर त्याहून जास्त. पंप लावून नदीच्याच पाण्याने तो धुऊन काढतात आणि हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. खालच्या पायऱ्या तेव्हा फार निसरड्या असतात. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यात येते त्या वर्षी मी म्हाताऱ्या माणसांना सरळ नको म्हणतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने सगळे सण पुढे सरकलेत, त्यामुळे दिवाळीपर्यंत बहुतेक घाट धुतलेले असतील. ही एक गोष्ट तुमच्या बाजूची.

कार्तिक हा काशीचा सर्वांत देखणा महिना, यात वाद नाही. महिनाभर पंचगंगा घाटावर उंच बांबूंवर टोपल्यांतून आकाशदीप चढवतात. दिवाळीनंतर चौथ्या दिवशी तुळशीघाटावर नागनथैया होतो. कृष्णाचं काम करणारा मुलगा कदंबाच्या फांदीवरून गंगेत उडी घेतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहून वर येतो. अख्खी काशी ते बघायला घाटावर आणि नावांत लोटते.

पण देवदीपावलीच्या दिवशी तुमच्या आईंना आणू नका. रानपाखरू यांनी जे पाहिलं ते खरंच तसं असतं, पण नावेपर्यंत पोचायचं कसं? त्या दिवशी दुपारपासून शहराच्या मधल्या भागात वाहनं बंद होतात. गोदौलिया चौकाच्या कितीतरी अलीकडे उतरून चालावं लागतं, तेही खांद्याला खांदा लावून. परत येताना तर त्याहून जास्त. नावेचं भाडं त्या रात्री नेहमीच्या कितीतरी पट असतं आणि खोल्या महिनोन् महिने आधी भरलेल्या असतात. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी जरूर यावं.

मी असतो तर त्रिपुरीनंतर दोन-तीन दिवस जाऊ दिले असते. २७ नोव्हेंबर ते १० डिसेंबर. गर्दी ओसरलेली, घाट स्वच्छ, थंडी बेताची. आणि गुडघ्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी अजून बऱ्यापैकी वर असतं. पावसाळ्यानंतर गंगा हळूहळू उतरत जाते आणि एकेक पायरी उघडी पडत जाते. नोव्हेंबरात नावेत बसायला जेवढं उतरावं लागतं त्याहून बरंच जास्त मार्चमध्ये, आणि मे महिन्यात तर विचारू नका. हे कुणी सांगत नाही, पण आईंचा जीव याच पायऱ्यांवर दमणार आहे.

रानपाखरू

घाटवासी, पटलं. आम्ही सासूबाईंना दुपारी बारालाच नावेत बसवलं होतं आणि त्या तिथून रात्रीच उतरल्या. सगळ्यांना ते जमेलच असं नाही.

निर्गुडी

घाटवासींच्या माहितीला तोड नाही, पण बाबांच्या दम्याचं काय? मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी या काळात दिल्लीपासून बिहारपर्यंत गंगेच्या सगळ्या मैदानात हवा वाईट असते. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरच्या उबदार थराखाली ती कोंडून बसते. वारा पडलेला असतो. मग वाहनांचा धूर, शेकोट्या, कचऱ्याचा धूर, पंजाब-हरियाणातल्या पेंढ्याचा धूर, सगळं खालीच साचतं. त्यात ओलावा मिसळला की सकाळचं ते दाट धुकं तयार होतं. लांबून छान दिसतं, पण दम्याच्या माणसासाठी पहाटे सहाला नदीवर उघड्या नावेत तासभर बसणं म्हणजे झटक्याला आमंत्रण. आणि काशीत पहाटेची नाव वगळून चालत नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऊन तापू लागतं, वारा सुटतो, हवा मोकळी होते. दिवसा २५-२७ अंश, पहाटे अंगावर शाल पुरते. बाबांसाठी मी हाच काळ सुचवेन. कधीही गेलात तरी दोन गोष्टी करा: निघण्याआधी पंधरा दिवस त्यांच्या डॉक्टरांना दाखवून औषधाची मात्रा ठरवून घ्या, आणि इनहेलर सामानात न ठेवता खिशात ठेवा. मंदिर परिसरात पिशव्या, फोन आत नेऊ देत नाहीत, तेव्हा इनहेलर बॅगेत राहिला की बाबा आत आणि औषध लॉकरमध्ये असं होतं.

मुळामुठा

म्हणजे आईसाठी नोव्हेंबरअखेर आणि बाबांसाठी फेब्रुवारीअखेर. घरात नेहमी असंच असतं म्हणा. घाटवासी, फेब्रुवारीत पायऱ्यांवर काही उपाय आहे का? आणि शिवरात्र टाळायची तर नेमक्या तारखा कुठल्या?

ठुमरी

तारखा ठरवताना एक बघा. लेक गाणं शिकत असेल, नसेल, तिला महाशिवरात्रीच्या सुमारास तुळशीघाटावर होणारा ध्रुपद मेळा ऐकवा. रात्रभर गंगेच्या काठावर ध्रुपद चालतं. एप्रिलमध्ये हनुमान जयंतीला संकटमोचन मंदिरात संगीत समारोह असतो, १९२३ पासूनची परंपरा. देशातले मोठमोठे कलाकार देवळाच्या अंगणात गातात, ऐकायला तिकीट नाही, सतरंजीवर बसून पहाट होते. मी काशीला जातो तो त्याच्यासाठीच आणि माझ्यापुरता तोच काशीचा ऋतू. पण तेव्हा दिवसा पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि मे-जूनमध्ये लू म्हणजे उष्ण वारा वाहतो, पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. तुमच्या मंडळींना ते झेपणार नाही.

यातलं काही जमलं नाही तरी अस्सी घाटावर सुबह-ए-बनारस चुकवू नका. २०१४ पासून रोज पहाटे आरती, मग रागसंगीत, मग योगासनं. बसायला जागा असते आणि आईंना एकही पायरी खाली उतरावं लागत नाही.

घाटवासी

निर्गुडीताईंनी हवेबद्दल लिहिलं ते योग्य आहे. आम्हाला त्याची सवय झाली आहे म्हणून माझ्या मनात आलं नव्हतं. दोन्ही तोलून बघितलं तर मी आता फेब्रुवारी म्हणेन. पायऱ्यांवर उपाय निघतो, हवेवर निघत नाही.

तारखा. २०२७ मध्ये मौनी अमावस्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. प्रयागचा माघमेळा इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत, तिथे स्नान झालं की माणसं काशीला येतातच. २०२५ च्या महाकुंभात (१३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी) तर गल्लीतून आमच्या घराचं दार गाठणं कठीण झालं होतं. तसं दरवर्षी होत नाही, पण अमावस्येचे दिवस टाळाच. मग माघी पौर्णिमा २० फेब्रुवारीच्या आसपास. त्या दिवशी संत रविदासांची जयंती असते, त्यांच्या जन्मस्थानी सीरगोवर्धनला पंजाबातून लाखो लोक येतात, शहराच्या दक्षिणेकडच्या खोल्या आणि रस्ते भरून जातात. महाशिवरात्र ६ मार्चला, तिची गर्दी तीन-चार दिवस आधी सुरू होते. पुढे रंगभरी एकादशी आणि होळी. म्हणून २२ फेब्रुवारी ते २ मार्च. या आठवड्यात काशी तुम्हाला निवांत भेटेल. ध्रुपद मेळा हुकेल, त्याला इलाज नाही.

या दिवसांत थंडीचे पाहुणे पक्षीही अजून नदीवर असतात. नावेभोवती पांढऱ्या कुरवांचे थवे घिरट्या घालतात, नावाडी शेव विकतात ती लोक त्यांना टाकतात. लेकीला सांगा, शेव टाकू नकोस, नुसते बघ. तळलेलं मीठ-तिखट पक्ष्यांना बरं नाही.

पायऱ्यांचं असं करा. नावेत दशाश्वमेधावरून बसू नका. राजघाटच्या पुलाजवळ नमो घाट आहे, तिथे गाडी बरीच जवळ जाते आणि उताराचा रॅंप आहे. तिथून नाव घेऊन सगळे घाट बघत अस्सीपर्यंत या आणि तशाच परत जा. आरतीही नावेतूनच बघा, म्हणजे दशाश्वमेधावर तासभर आधी जाऊन पायरीवर बसायला नको. गोदौलियापासून दशाश्वमेधापर्यंत वाहन जात नाही, ती पायपीटही वाचते.

विश्वनाथाचं दर्शन दुपारी घ्या, आरत्यांच्या मधल्या वेळात. सकाळी सगळे स्नान करून रांगेत येतात. कॉरिडॉरचं लोकार्पण १३ डिसेंबर २०२१ ला झालं, तेव्हापासून आतली जागा ऐसपैस आहे, व्हीलचेअरही मिळते. शुल्क देऊन सुगम दर्शनाची सोय आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी त्यात संकोच करू नये. मात्र गंगेच्या बाजूच्या दाराने येऊ नका, तिकडे चढण आहे, रस्त्याच्या बाजूने या. आत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. १७८० साली त्यांनी हे देऊळ पुन्हा उभं केलं म्हणून आज आपण इथे हात जोडतो, तिथे दोन मिनिटं थांबाच.

भदैनीत, अस्सीच्या अलीकडे, राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे. बहुतेक मराठी यात्रेकरू त्याच्या दारावरून निघून जातात, माहीतच नसतं म्हणून. आठवीतल्या मुलीला ते दाखवायला हवं.

सारनाथ शहरापासून दहा किलोमीटर, सगळं सपाट, आईंना तिथे काहीच त्रास नाही. फक्त शुक्रवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं आणि चार सिंहांचा मूळ स्तंभशीर्ष आतच आहे.

रूळ

२२ फेब्रुवारीचं धरत असाल तर डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात आरक्षण उघडेल. होळीची गर्दी अजून लागलेली नसेल. दोन्ही बाजूंची तिकिटं आणि आई-बाबांना खालचा बर्थ, दोन्ही मिळायला हरकत नाही. ज्येष्ठ नागरिक असल्याचं वय फॉर्ममध्ये नीट भरा.

मुळामुठा

ठरलं, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. लेकीच्या शाळेचा आठवडा बुडेल, तो बुडू दे.

एकच राहिलं. आईचं स्नान. ती म्हणते नावेतून हात बुडवून पाणी डोक्यावर घेतलं तर ते स्नान नाही. कुठे करवावं?

घाटवासी

त्या दिवसांत समोरच्या काठावर मोठी रेती उघडी पडलेली असते. पुष्कळ यात्रेकरू नावेने पलीकडे जाऊन तिथे अंघोळ करतात. उतार हलका, पायरी एकही नाही. पण दोन अडचणी आहेत. रेती पाण्याखाली अचानक तुटते, तेव्हा घोट्याच्या पुढे जायचं नाही. आणि जुन्या वळणाच्या माणसांना पलीकडचा काठ काशीत धरायचा नाही असं वाटतं. आईंना विचारून बघा.

त्यांना याच काठावर हवं असेल तर नमो घाट किंवा अस्सी. पहाटे नको, पाणी बर्फासारखं असतं आणि पायऱ्या ओल्या. नऊ-साडेनऊला ऊन पायऱ्यांवर येतं, तेव्हा न्या. पाण्यालगतच्या कोरड्या पायरीवर बसवा, पाय पाण्यात सोडू द्या आणि तांब्याने डोक्यावरून पाणी घाला. माझ्या आजीचं शेवटची काही वर्षं असंच चालायचं आणि तिने ते कधी कमी मानलं नाही. तांब्या घरून आणा, घाटावर मिळतात ते फार लहान असतात. शेवाळ नसलेली पायरी बघून घ्या, आणि एकजण आईंच्या खालच्या बाजूला पाण्यात उभा राहा, वरच्या बाजूला नाही.